वाफेची वाट

बॅरन बेटावर माणसं हौसेनं उतरायला लागली ती ‘अंतर्वेध’ आल्यापासून. त्याआधी अंदमानातल्या या ज्वालामुखीला जायचं म्हणजे बोटीतून लांबूनच धूर बघायचा आणि परतायचं. अंतर्वेध बसवल्यानंतर बेटाचे तीन उद्रेक झाले, आणि तिन्ही वेळा यंत्रानं आठवडाभर आधी सांगितलं. तिसऱ्या वेळी तर लोकांनी जेटीवरच्या दिव्याचा रंग बघून मुकाट्यानं हॉटेलांची बुकिंगं पुढे ढकलली, आणि उद्रेक ओसरल्यावर ताजा काळा लाव्हा बघायला दुपटीनं आले.

दिवा म्हणजे खरोखरचा दिवा होता, पोर्ट ब्लेअरच्या जेटीवर उंच खांबावर बसवलेला. गावाचं सरकारी नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण बोटवाल्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच होतं. दिवा हिरवा असला की बेटावर उतरायचं, पिवळा असला की बोटीतूनच बघायचं, लाल असला की बोट सोडायचीच नाही. रंग यंत्र ठरवायचं. माणसानं त्यात हात घालायची सोय नियमांत होती, पण ती कुणी कधी वापरली नव्हती.

वेधशाळेची प्रमुख ऋजुता मिरजकर ही अंतर्वेध उभारणाऱ्या तुकडीतली. सांगलीकडची मुलगी, नोकरीच्या पहिल्या वर्षी समुद्र लागून आडवी पडायची. तिचा नवरा निनाद तांडेल हर्णैचा. पर्यटकांची ‘एकवीरा’ ही बोट तो आणि सॉ जॉन्सन असे दोघं भागीदारीत चालवायचे. जॉन्सन मायाबंदरकडच्या करेन, म्हणजे ब्रह्मदेशातून येऊन राहिलेल्या लोकांच्या वस्तीतला. शांत माणूस, आणि इंजिनाचा जाणकार. बाकीचे बोटवाले निनादला चिडवायचे, “तुला काय, तुझा दिवा तर घरातच पेटतो.” निनाद हसून म्हणायचा, “घरातला नेहमी लालच असतो रे.”

सुट्टी असली की ऋजुता एकवीरेवर जाऊन बसायची. पर्यटक तिच्याकडून डोंगराची माहिती विचारून घ्यायचे.

“हा डोंगर पाण्यानं केलाय,” ती सुरुवात करायची, आणि लोक थट्टा समजून हसायचे.

“खरंच. आपला देश ज्या भूपट्टावर बसलाय, तो इथं शेजारच्या भूपट्टाखाली सरकतोय. वर्षाला आपली नखं वाढतात साधारण तेवढा. जाताना समुद्राचं पाणी बरोबर नेतो, खनिजांच्या आत बांधलेलं. शंभरेक किलोमीटर खाली दाब आणि उष्णता वाढली की ते पाणी सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. कोरडा खडक जितक्या उष्णतेत घट्ट राहिला असता, तितक्याच उष्णतेत ओला खडक वितळायला लागतो. हा शिलारस आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. त्यात वायू विरघळलेले असतात, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. वर येईल तसा दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात, फुगतात, आणि सगळं उसळून बाहेर येतं.”

मग ती यंत्राबद्दल सांगायची. आकाशातून म्युऑन नावाचे कण सतत कोसळत असतात, आत्ता तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखादा आरपार जातोय. ते खडकातूनही जातात, पण खडक जितका दाट तितके जास्त अडतात. बेटाभोवती समुद्रतळावर पेट्या पुरल्या आहेत, त्या कुठल्या दिशेनं किती कण आले ते मोजतात. त्यावरून डोंगराच्या पोटाचं चित्र तयार होतं आणि शिलारस कुठवर चढलाय ते दिसतं.

एकदा नागपूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं विचारलं, “त्याला दिसत नाही असं काही आहे का हो?”

“आहे ना. चित्र पुरं व्हायला चार-पाच दिवस लागतात. तेवढ्यात काही झालं तर ते दिसत नाही. आणि शिलारस न हलता जे होतं, तेही नाही.”

“शिलारस न हलता काय होतं?”

तेवढ्यात किनारा आला आणि निनादनं माइकवरून सांगितलं, “पादत्राणं घट्ट बांधा. काळी वाळू तापलेली असते.” बाई उठून पुढे गेल्या. उत्तर राहूनच गेलं.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ऋजुता नेहमीच्या पाहणीला बेटावर गेली. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेलं एक मोठं खापर, पश्चिमेला फुटलेलं, आणि मधोमध राखेचा शंकू. फुटलेल्या बाजूनं जुन्या लाव्ह्याचा काळा पट्टा समुद्रापर्यंत उतरतो. त्याच्या कडेनं पर्यटकांसाठी पायवाट केलेली होती. ती शंकूच्या पायथ्याशी, वाफेच्या भोकांपाशी संपायची. तिथं इतका सूं सूं आवाज असायचा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि गंधकाच्या वासानं लोक नाकाला रुमाल लावत.

त्या दिवशी रुमाल कुणाच्याच नाकाला नव्हता. मंडळी भोकांच्या अगदी काठावर बसून फोटो काढत होती. कुणी तरी हळू आवाजात बोललेलं ऋजुताला दहा पावलांवरून ऐकू आलं.

तिनं जमिनीत तापमापकाची सळई खुपसली. जमीन गेल्या खेपेपेक्षा बरीच तापलेली होती. भोकांच्या तोंडाशी पिवळट पांढरा थर जमला होता. तिनं तो हातोडीनं ठोकून पाहिला. दगडासारखा घट्ट होता. वायुमापक म्हणत होता, वायू निम्म्यावर आलेत.

बाहेरचं सगळं शांत होत होतं आणि आतलं तापत होतं. ऋजुताला त्याचा एकच अर्थ लागत होता. खालून येणारी वाफ आपल्याबरोबर गंधक आणि खनिजं आणते. ती थंड होऊन फटींत बसतात आणि हळूहळू वाट बुजते. शिट्टीत डाळ अडकलेल्या कुकरसारखं. बंद जागेत पाणी उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापूनही पाणीच राहतं, कारण दाब त्याला वाफ होऊ देत नाही. झाकणाला एक तडा गेला की दाब उतरतो आणि सगळ्या पाण्याची एकदम वाफ होते. वाटीभर पाण्याच्या वाफेला दीड हजार वाट्यांची जागा लागते. अशा स्फोटाला शिलारस हलावा लागत नाही. म्हणजे अंतर्वेधला तो दिसणारही नाही.

दुसऱ्या दिवशी ती खात्याच्या संचालकांच्या, डॉ. विश्वंभर हट्टंगडींच्या खोलीत गेली. अंतर्वेधची मूळ कल्पना त्यांची. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आलेख दोनदा पाहिले.

“शक्यता किती?” त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही, सर. जगात अशी भोकं बुजतात आणि बहुतेकदा आपोआप मोकळीही होतात. पण कधी कधी होत नाहीत.”

“म्हणजे तू मला ‘कदाचित’वर लाल दिवा लावायला सांगतेस.”

“हो.”

हट्टंगडींनी चष्मा काढून पुसला. “लोक या दिव्याचं का ऐकतात? तो कुणाला वाटतं म्हणून बदलत नाही, म्हणून. उद्या तू लाल केलास आणि काही झालं नाही, तर परवा यंत्रानं खरोखर लाल केल्यावर लोक विचारतील, हा यंत्राचा लाल की मिरजकर बाईंचा? तेव्हा कुणी थांबलं नाही तर?”

ऋजुतानं आलेख गोळा केले. मुद्दा बरोबर होता.

“अधिकार तुझा आहे,” ते म्हणाले. “मी अडवणार नाही. पण मी असतो तर थांबलो असतो, आणखी मोजमापं घेतली असती.”

संध्याकाळी निनाद बोटीचे दोर धुऊन घरी आला. जेवताना ती म्हणाली, “काही दिवस बेटावर माणसं उतरवू नकोस.”

“का? दिवा पिवळा होतोय?”

“नाही. हिरवाच आहे.”

“मग?”

तिनं कुकरची उपमा देऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, जेवण संपवलं, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि परत येऊन बसला.

“उद्या माझ्याबरोबर आणखी तीन बोटी सुटतायत,” तो म्हणाला. “त्या सगळ्यांची माणसं वर जाणार. ती मेली तर चालेल?”

“असं कुठं म्हणाले मी?”

“म्हणाली नाहीस, पण करतेयस तेच. नवऱ्याला घरात लाल दाखवायचा आणि गावाला हिरवा. मी एकटा थांबलो आणि काही झालं, तर लोक विचारतील, याला कसं कळलं. मी काय सांगू, बायकोनं कानात सांगितलं?” त्याचा आवाज चढला नव्हता. “तुला खरंच वाटत असेल तर सगळ्यांना थांबव. नसेल वाटत तर मला सुद्धा सांगू नकोस. मला सांगून तुझी जबाबदारी फिटत नाही.”

“हंगाम आहे, निनाद. सगळे तुझ्यावर उठतील.”

“ते मला कळतं.”

सकाळी बोटी सुटायच्या आत ऋजुतानं आपल्या नावानं आदेश काढला आणि दिवा लाल केला. जेटीवर उभी असलेली माणसं आधी दिव्याकडे, मग एकमेकांकडे बघत राहिली. कारणाखाली तिनं लिहिलं होतं: ‘यंत्रानुसार धोका नाही. वाफेचा दाब वाढल्याची शंका.’

पहिला आठवडा लोकांनी समजून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात बोटवाल्यांची सभा झाली, तिथं एकानं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला आणि ‘शंका’ या शब्दापाशी थांबून सगळ्यांकडे पाहिलं. वर्तमानपत्रांनी यंत्र तयार करणाऱ्याच बाईचा यंत्रावर विश्वास नाही, असं छापलं. वाणी सामान देताना बोलेनासा झाला. ऐन नाताळात हॉटेलं रिकामी पडली.

जॉन्सन एका दुपारी घरी आला. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला.

“भाभी, मी तुम्हाला दोष देत नाही,” तो म्हणाला. “पण माझ्या घरी तीन पोरं आहेत. हॅवलॉक बेटाच्या फेरीबोटीवर इंजिन ड्रायव्हरची जागा आहे. मी जातो.”

निनादनं त्याला थांबायला सांगितलं नाही. दोघं बोटीवर गेले, जॉन्सननं आपली हत्यारं पिशवीत भरली. त्या रात्री आणि नंतरही बरेच दिवस निनाद एकटाच बोटीवर जाऊन बसायचा. तो रागावला नव्हता. पण एकदा ऋजुतानं विचारलं, “तुला वाटतं का, मी चुकले?” तेव्हा तो म्हणाला, “मला रोज सकाळी वाटतं, आज काही तरी व्हावं. मग माझीच मला लाज वाटते.” तिलाही तसंच वाटायचं. तिनं ते कबूल केलं नाही.

जानेवारीत वरून विचारणा झाली. लाल दिवा ठेवायचा की काढायचा, ते प्रत्यक्ष पाहून ठरवा. ड्रोन वरचा वायू हुंगू शकत होता, पण जमिनीत सळई खुपसू शकत नव्हता. कुणी तरी उतरणं भाग होतं. हट्टंगडी म्हणाले, मीच जातो. ऋजुता म्हणाली, मग मी बरोबर येणार. बोट न्यायला निनादशिवाय कुणी तयार नव्हतं.

समुद्र त्या सकाळी तेलासारखा गुळगुळीत होता. निनादनं दोघांना रबरी होडीतून काळ्या वाळूवर सोडलं.

“भोकांपर्यंत जायचं नाही,” तो ऋजुताला म्हणाला.

“अर्ध्या वाटेवर एक जागा आहे. तिथंच मोजून परत येतो.”

“मी इंजिन बंद करत नाही.”

दोघांनी शिरस्त्राणं घातली, गळ्यात वायूचे मुखवटे अडकवले आणि ती चालायला लागली. रानटी झालेल्या दोन शेळ्या कड्यावरून त्यांच्याकडे बघत होत्या. हट्टंगडींना चढ जड जात होता. पण ते मधे मधे थांबून लाव्ह्याचा एखादा तुकडा उचलून बघायचे आणि पुन्हा चालायचे. अर्ध्या वाटेवर ऋजुतानं सळई खुपसली. आकडा चढत गेला. इथं, भोकांपासून इतक्या लांब, जमीन इतकी तापलेली कधीच नव्हती.

हट्टंगडींनी वाकून आकडा वाचला. “चल,” ते म्हणाले. “एवढं पुरे.”

दोघं वळली आणि पायाखालची जमीन एकदा हलली, लांबून ट्रक गेल्यावर घराची फरशी हलते तशी. मग आवाज. ऋजुतानं वळून पाहिलं तेव्हा शंकूचा पायथा जागेवर नव्हता. तिथून करडा, ओला ढग वर उठत होता आणि त्यातून दगड उडत होते. लाव्हा नाही, आग नाही. नुसती वाफ, चिखल आणि जुना खडक.

ती हट्टंगडींना ओढत एका मोठ्या लाव्ह्याच्या कड्याआड गेली. दगड आधी लांब पडले, मग जवळ. एक कड्यावर आपटून फुटला आणि त्याचा तुकडा हट्टंगडींच्या खांद्यात शिरला. मागोमाग गरम राखेचा चिखल आला. ऋजुतानं त्यांचा मुखवटा चढवला, मग आपला. तिच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत भाजली, पण ते तिला नंतर कळलं.

निनादनं बोटीवरून ढग उठताना पाहिला. त्याच्यासमोर दगड पाण्यात पडत होते आणि पडल्या जागी चर्र आवाज होत होता. बोट मागे घ्यावी, हे त्याला कळत होतं. त्यानं नांगर टाकला, होडी सोडली आणि किनाऱ्याकडे निघाला. दिसत काही नव्हतं. तो वाळूवर उभा राहून तिच्या नावानं हाका मारत राहिला. शेवटी करड्या चिखलानं माखलेली दोन माणसं एकमेकांना धरून उतरताना दिसली. तो धावत पुढे गेला. हट्टंगडींना पाठुंगळी घेतलं आणि होडीत घातलं.

परतीच्या वाटेवर हट्टंगडी शुद्धीवर होते. निनाद सुकाणूवर होता, ऋजुता त्यांच्या खांद्यावर कापड दाबून बसली होती.

“आता सगळे म्हणतील, तू बरोबर होतीस,” ते म्हणाले.

“बोलू नका, सर.”

“ऐक. काही झालं नसतं तरी तू तितकीच बरोबर होतीस. हे लोकांना पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.”

त्यांचा खांदा पुढे कधीच पूर्ण वर गेला नाही. ते वेळेआधी निवृत्त होऊन धारवाडला बहिणीकडे गेले.

पायवाटेचं टोक, बाकडी, फोटोसाठी केलेला कट्टा, सगळं हातभर चिखलाखाली आणि दगडांखाली गेलं होतं. नाताळात रोज शंभरेक माणसं तिथं उभी राहिली असती. ज्या वर्तमानपत्रांनी ऋजुताची टिंगल केली होती, त्यांनी तिचा हात गळ्यात बांधलेला फोटो पहिल्या पानावर छापला. वाणी पुन्हा बोलायला लागला. जॉन्सननं फोन करून दोघांची चौकशी केली, पण तो परत आला नाही. फेरीबोटीवर त्याचं बरं चाललं होतं.

मग एक वेगळाच त्रास सुरू झाला. बोटवाले आता दिव्याकडे बघेनात. ते ऋजुतालाच विचारायचे. बाजारात, दवाखान्यात, फोनवर. “ताई, समुद्रात जाऊ का?” “ताई, मुलाचं लग्न हॅवलॉकला ठरवलंय, राख येईल का?” तिनं माहीत नाही म्हटलं की त्यांना वाटायचं, ताई लपवतायत. खात्यानंही सुचवलं, यापुढे यंत्राच्या रंगावर तुमचा शिक्का घेऊ. लोकांना धीर येईल.

“मी दुसरा दिवा होणार नाही,” तिनं कळवलं. “मला जेवढं कळतं तेवढं रोज लिहून देईन. जे कळत नाही तेही लिहीन. ते जेटीवर वाचून दाखवा.”

बराच वाद झाला. अखेर खात्यानं एक हंगाम करून बघायचं ठरवलं.

पुढच्या डिसेंबरात बेट पुन्हा उघडलं, फक्त किनाऱ्यापुरतं. पहिल्या दिवशी एकवीरा माणसांनी भरली होती. निनादनं माइक हातात घेतला आणि ऋजुतानं लिहून दिलेलं वाचलं.

“डोंगराच्या पोटात शिलारस हललेला नाही. वाफेच्या वाटा सध्या मोकळ्या आहेत. त्या कधी बुजतील आणि बुजल्या तर काय होईल, हे आज कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही किनाऱ्यावरून पुढे जाणार नाही. तरीही धोका शून्य नाही.”

काही जणांनी पिशव्या मांडीवर घेतल्या. मग पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे जायचं की नाही?”

“ते तुम्ही ठरवायचं,” निनाद म्हणाला. “मी जातोय. ज्यांना नको असेल त्यांनी उतरा, तिकिटाचे पैसे परत मिळतील.”

“तुमच्या मिसेस काय म्हणतात?”

“आत्ता वाचलं तेवढंच म्हणतात. घरीही तेवढंच.”

गृहस्थ आपल्या दोन मुलींना घेऊन उतरले. मागून एक म्हातारं जोडपं उतरलं, मग आणखी बरेच जण. एका नव्यानं लग्न झालेल्या मुलाला उतरायचं होतं आणि त्याच्या बायकोला नव्हतं. दोघं बोटीच्या कठड्याशी दबक्या आवाजात वाद घालत होती. शेवटी तो एकटाच जेटीवर उतरला आणि ती खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसली. तो तिथंच उभा राहिला, तिची पाण्याची बाटली हातात धरून. तिनं ती मागून घेतली.

अर्धी बोट रिकामी झाली होती. निनादनं इंजिन सुरू केलं आणि जेटीकडे पाहिलं. ऋजुता खांबापाशी उभी होती. तिला वेधशाळेत जायचं होतं, आजची मोजमापं यायला लागली असतील. त्यानं मान हलवली. तिनं खाली वाकून उजव्या हातानं दोराची गाठ सोडली आणि दोर बोटीवर फेकला.